नूर पिंजाऱ्याचे हिलाल मास्तर

नूरचाचा,

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे मला ठाऊक आहे. आणि पोचलं असतं तरी ते वाचून घ्यायला तुम्ही माझ्याकडेच आला असता. ओट्यावर बसायचं, पिंजण भिंतीला टेकवायचं आणि म्हणायचं, "अक्का, घाई नका करू. एकेक शब्द वाचा." मी घाईच करायची. वर्तमानपत्रात टेनिसच्या मेल्या दोन ओळी असायच्या, त्या तुम्ही चार-चारदा वाचून घ्यायचात. चौथ्या वेळेला मी पेपर आपटायची. आज मी सगळं सावकाश सांगायला बसले आहे, तर ऐकायला तुम्ही नाही.

तुम्ही मला एक काम सांगितलं होतं. ते का झालं नाही, हे सांगायचं आहे. पण नुसतं तेवढंच लिहिलं तर कुणाला काही कळणार नाही, कारण तुम्ही कोण हे आता खुद्द धुळ्यातही कुणाच्या लक्षात नाही. म्हणून आधी तुमचीच हकीकत लिहिते. तुम्हाला ती पाठ आहे. कंटाळा आला तर मधलं सोडून द्या. शेवटचं तेवढं ऐका.

नूर महंमद पिंजारी जुन्या धुळ्यात, पांझरेच्या काठाला राहायचे. उंच, वाकलेले, आणि दाढीत कायम कापसाचे दोन-चार तंतू. दिवाळीनंतर थंडी पडली की खांद्यावर पिंजण टाकून गल्लोगल्ली हिंडायचे. पिंजण म्हणजे पुरुषभर लांबीचं लाकडी धनुष्य. त्याला बकऱ्याच्या आतड्याची तात ताणून बसवलेली असते. तातीवर लाकडी मुठीने ठोका मारला की ती थरथरते आणि खालचा दाबलेला कापूस उडून मोकळा होतो. ठोक्याचा आवाज तीन घरं पलीकडे जातो. आमच्या गल्लीतल्या बायका आवाजावरून सांगायच्या, नूर आला की दुसरा कोणी.

घरात ते हिंदी बोलायचे, बाजारात अहिराणी, आणि आमच्यासारख्या वकिलाच्या घरी जपून शहरी मराठी. फार आनंद झाला किंवा फार राग आला की मात्र तोंडातून अहिराणीच निघायची.

अशा माणसाचा टेनिसशी काय संबंध? संबंध तातीचा. १९०६ साली सरकारने खानदेशाचे दोन जिल्हे केले, पश्चिमेला धुळं आणि पूर्वेला जळगाव. कचेऱ्या वाटल्या, दप्तरं वाटली, साहेबलोकही वाटले गेले. मग दोन वर्षांनी दोन्हीकडच्या क्लबांनी मिळून एक कप ठेवला. दर जानेवारीत सामना. सम सालाला धुळ्यात, विषम सालाला जळगावात. एकोणीस साली अशाच एका सामन्याआधी कुणा साहेबाच्या रॅकेटची जाळी तुटली. मुंबईहून तात यायला आठवडा लागला असता. साहेबाच्या खानसाम्याला आठवलं की बाजारातल्या पिंजाऱ्याकडे आतड्याचीच तात असते. नूरचाचांनी ती रॅकेट उलटीसुलटी पाहिली आणि एका दिवसात विणून दिली. पहिली जाळी इतकी ताणली की लाकूड वाकडं झालं. दुसरी बरोबर जमली. तेव्हापासून क्लबातल्या सगळ्या रॅकेटी त्यांच्याकडे जायला लागल्या, आणि सामन्याच्या दिवशी आरी आणि तातीचं वेटोळं घेऊन क्लबाच्या पायरीवर बसायचा हक्क त्यांना मिळाला. खेळताना कुणाची तात तुटलीच तर हाताशी माणूस हवा म्हणून.

तेरा वर्षं ते त्या पायरीवर बसले आणि त्यांना टेनिसचं काही विशेष वाटलं नाही. शेणाने सारवलेल्या मैदानावर चुन्याच्या रेघा ओढून मोठी माणसं चेंडू मारतात, एवढंच. मग बत्तीस साली हिलाल मास्तर आले.

हिलाल मास्तर जळगावच्या एका शाळेत कवायत शिकवायचे. वकील-डॉक्टरांच्या क्लबात कवायतीच्या मास्तरला एरवी कोणी पाणी विचारलं नसतं, पण जळगावला कप हवा होता आणि हा माणूस शाळेच्या भिंतीवर एकटा चेंडू मारून मारून खेळ शिकला होता. काळा, काटकुळा, डावखुरा. त्या दिवशी पहिल्याच सेटमध्ये त्यांची तात तुटली. नूरचाचांनी पायरीवर बसूनच नवी ओवली आणि रॅकेट पुढे केली. मास्तरांनी ती कानाशी धरली. नखाने तात वाजवली. म्हणाले, "चाचा, जरा चढली आहे. केसभर उतरवा."

खरोखरच चढली होती. वकिलांना करकरीत ताणलेली आवडते म्हणून हाताला तशीच सवय लागली होती. चाचांनी केसभर उतरवली. मास्तर तो सामना हरले. पण चाचांचं जे व्हायचं ते होऊन गेलं.

मला ते नंतर म्हणाले, "तेरा वर्षं यांच्या जाळ्या विणल्या, अक्का. एकानेही कधी कानाला लावली नव्हती."

आता अडचण अशी की चाचा धुळ्याचे. धुळ्याच्या क्लबाची मीठभाकर खाणारे. आणि मन अडकलं जळगावच्या माणसात. हे धुळ्यात कळलं असतं तर पायरी गेली असती. म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. मला कळलं, कारण त्यांना वाचून दाखवायला कोणीतरी हवं होतं, आणि मी पुण्याच्या कॉलेजातून सुटीत घरी आले की रिकामीच असायची. त्यांच्या बीबीला, जैनबचाचीला, कळलं कारण बायकांना कळतंच.

तेहतीस सालच्या सामन्यात, जळगावला, मास्तर जिंकले. तेव्हा चाचा हिवतापाने अंथरुणाला खिळलेले. बातमी कळली तेव्हा तापातच उठून बसले आणि चाचीला म्हणाले, मी असतो तर पाहिलं असतं. पुढचं सगळं त्या एका वाक्यातून आलं. मास्तरांना कप जिंकताना एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि ते होऊ द्यायला तयार नव्हता माझाच भाऊ. लीलाधरदादा वकील होऊन धुळ्याला आला आणि चौतीस सालापासून क्लबातर्फे खेळायला लागला. अंगाने दणकट, सर्व्हिस तोफेसारखी. चौतीस, पस्तीस, छत्तीस, सदतीस, चारही वर्षं त्याने मास्तरांना हरवलं, त्यातली तीन वर्षं शेवटच्या सेटमध्ये. आणि दादाच्या रॅकेटची जाळी कोण विणायचं? नूरचाचाच.

विषम सालाला चाचा पिंजण खांद्यावर टाकून जळगावला जायचे. धंद्याला चाललो, असं सांगून. चाळीसगावला गाडी बदलताना फलाटावर तासन्‌तास बसावं लागायचं, तेही बसायचे. चाची मला ऐकवायची, "बेटी, विचार यांना, धुळ्यातल्या रजया संपल्या का? की जळगाववाले गाद्यांशिवाय जमिनीवर झोपतात?" चाचा म्हणायचे, तिकडचा कापूस वेगळा असतो. चाची म्हणायची, हो ना, तिकडच्या कापसाला हातपाय असतात आणि तो डाव्या हाताने खेळतो.

मास्तर हरले की आठ दिवस घरात कुणी मयत झाल्यासारखं. जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत, आणि पिंजायचे तर असं की कापसात गुठळ्या राहायच्या. सदतीस साली पिंजलेली आमची गादी मी पुढे कितीतरी वर्षं वापरली. उजव्या बरगडीखाली जी गाठ टोचायची ती त्या सामन्यातल्या तिसऱ्या सेटची. उलट अधूनमधून कुठल्या लहानसहान सामन्यात मास्तर जिंकल्याची बातमी मिळाली की त्या आठवड्यातल्या रजया ढगासारख्या व्हायच्या. आमच्या गल्लीला कारण माहीत नव्हतं. नूरचा हात लहरी आहे, असं सगळे म्हणायचे.

एकदा मी पुण्याहून एक इंग्रजी मासिक आणलं. त्यात विलायतेतल्या मोठ्या सामन्यात जिंकलेल्या खेळाडूचं चित्र होतं. म्हटलं, चाचा, हा सध्या जगात पहिला. त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं.

"आडवी तात सैल आहे याची," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "मास्तरांशी खेळला कधी?"

मी म्हटलं, कसा खेळेल, तो तिकडे, मास्तर इकडे.

"मग पहिला कसा?"

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकत होते. मी चिडून मासिक मिटलं.

अडतीस सालचा सामना धुळ्यात होता. मी बी.ए. होऊन घरी बसले होते, नोकरी शोधत. सामन्याच्या दोन दिवस आधी दादाने रॅकेट माझ्याच हाती चाचांकडे पाठवली, नवी जाळी विणायला. मी तिथेच बसून राहिले. भोकातून तात ओढायची, आरीने भोक दाबून ताण धरायचा, दुसरी ओढायची. प्रत्येक ताणानंतर चाचा नखाने वाजवून ऐकायचे. मला राहवलं नाही. चार वर्षं या माणसाला मी गुठळ्या पिंजताना पाहिलं होतं. म्हटलं, चाचा, एक तात ढिली राहिली तर कोणाला कळणार आहे? दादाला तर नाहीच कळणार.

आयुष्यात एकदाच ते माझ्यावर रागावले. हात थांबला आणि तोंडातून अहिराणी आली.

"मंग मी काय देखसू, अक्का?"

मग मी पाहणार काय? ढिल्या तातीला हरवलेलं पाहायचं असतं तर ते कधीच पाहता आलं असतं. त्यांनी ती जाळी अशी विणली की दादासुद्धा, ज्याला तातीतलं काही कळत नव्हतं, हातात घेऊन म्हणाला, आज काही वेगळंच काम झालंय.

सामन्याच्या दिवशी सकाळी आईने रॅकेट देवघरात नेली. दरवर्षी ती दादाला ओवाळायची आणि रॅकेटच्या दांड्याला कुंकवाचं बोट लावायची. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. यंदा पाचवं वर्ष. पाचव्या खेपेला देव परीक्षा बघतो, असं तिच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं. तिने रॅकेट ताम्हनात आडवी ठेवली, जाळीवर पळीपळीने पाणी सोडलं, पंचामृत लावलं, पुन्हा पाणी, पुन्हा पुसलं, मग मधोमध ओल्या कुंकवाचा टिळा. आणि वाळायला म्हणून गच्चीवर उन्हात ठेवली. आतड्याची तात ओली झाली की फुगते आणि उन्हात घाईने वाळवली की कडक होते, हे मला चाचांनीच शिकवलं होतं. मी आईला म्हटलं, आई, तात ओली करायची नसते.

"देवाचं पाणी आहे," आई म्हणाली. "त्याने काही होत नाही."

मला केस विंचरायचे होते, क्लबात बायकांच्या खुर्च्यांत पुढची जागा धरायची होती. दादाला एक शब्द सांगायला मला किती वेळ लागला असता? मी सांगितला नाही. कुंकू तर दादाने रुमालाने पुसून टाकलं.

सामना नेहमीसारखाच झाला. पहिला सेट दादाचा, दुसरा मास्तरांचा. तिसऱ्यात मास्तर चार-तीनने पुढे गेले. चाचा पायरीवर, मांडीवर आरी, डोळे मिटलेले. ते असेच बघायचे. दोन्ही रॅकेटींत त्यांचीच तात असायची, मास्तरांची रॅकेट दुरुस्तीला जळगावहूनही त्यांच्याकडेच यायची. ठोक्यावरून त्यांना कळायचं कोणी मारला, कसा मारला, पाय पोचला होता की नव्हता. मग दादाच्या सर्व्हिसला फट्‌कन आवाज झाला. जाळीच्या मधली तात तुटली. नवी ओवून होईपर्यंत थांबायला दादा तयार नव्हता. त्याने दुसरी रॅकेट घेतली, पण ती मुंबईची, हाताला न बसलेली. पुढचे दोन गेम मास्तरांनी सरळ घेतले.

आणि नूरचाचा उभे राहिले. सहा वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. दोन्ही हात वर करून ते भर क्लबात म्हणाले, "जिकनात मास्तर. मी देखं. मी देखं."

टाळ्या थांबल्या. धुळ्याचा हरलेला क्लब त्यांच्याकडे बघत राहिला. तुटलेली तात, ती विणणारा माणूस, आणि त्याचे वर गेलेले हात. दोन अधिक दोन करायला वकिलांना किती वेळ लागतो?

रुपचंदशेठ तेव्हा क्लबाचे सेक्रेटरी होते. जिनिंगचे मालक, आवाज मोठा. त्यांनी दादाची रॅकेट उचलली आणि चाचांच्या पायांशी टाकली. मग मास्तरांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घेऊन जा मास्तर कप. आमच्या पिंजाऱ्याने तुम्हाला आधीच देऊन ठेवला होता."

मास्तरांनी चाचांकडे पाहिलं. चाचा वाकून रॅकेट बघत होते. तुटलेल्या टोकाजवळ, दोन ताती एकमेकींवरून जातात त्या सांध्यात, रुमाल पोचला नव्हता तिथे लाल राहिलं होतं. त्यांनी ते बोटाने चोळलं, वास घेतला. मग मान वर करून बायकांच्या खुर्च्यांकडे पाहिलं. आई तिथे माझ्या शेजारी बसली होती, पदराने डोळे टिपत. चाचांनी मान पुन्हा खाली घातली आणि एक अक्षर बोलले नाहीत.

मास्तरांनी कप टेबलावर तसाच ठेवला. कोट खांद्यावर टाकून ते स्टेशनाकडे चालत निघाले. कप मागून त्यांच्या क्लबाचे लोक घेऊन गेले.

त्या संध्याकाळी मी दादाला सगळं सांगितलं, ताम्हन आणि गच्ची धरून. तो म्हणाला, "आईला हे कळता कामा नये. तिच्या पूजेने मी हरलो हे कळलं तर ती अन्न सोडेल." मी म्हटलं, आणि नूरचाचा? तो म्हणाला, त्याचं काय जातंय, त्याचा खरा धंदा गाद्यांचा आहे. मी त्याला म्हटलं की त्यांचा खरा धंदा कोणता ते तू ठरवू नकोस. बोलायला मी कुणाला घाबरत नव्हते. पण रुपचंदशेठच्या दारात जाऊन मी उभी राहिले नाही, हेही खरं.

क्लबाने पायरी बंद केली. रॅकेटी मुंबईला जायला लागल्या. आठ-दहा दिवसांनी चाचा नेहमीसारखे आमच्या गल्लीत आले, कारण थंडी होती आणि गाद्या होत्या. आईनेच त्यांना हाक मारून रजई दिली. कापूस मोजून देता देता ती म्हणाली, "नूर, तुझ्या तातीने आमच्या लीलाधरचा घात केला बघ."

मी दारात उभी होते. चाचा म्हणाले, "हो, आईसाहेब. चूक झाली."

आई आत गेल्यावर त्यांनी बंडीच्या खिशातून एक पुडी काढली. आत चार बोटं लांबीचा तातीचा तुकडा, टोकाला कुंकू वाळलेलं. दादाची फेकलेली रॅकेट त्यांनीच घरी नेऊन उलगडली होती.

"मला चोर म्हणाले, म्हणू द्या," ते म्हणाले. "मला रजया आहेत. पण मास्तरांना वाटतंय मी कापली. ते खरे जिंकलेत, अक्का. तात तुटायच्या आधीच दादांचा ठोका उशिरा पडत होता, मी ऐकत होतो. मास्तरांना हे माहीत नाही. तुम्ही एकदा जळगावला गेलात की हा तुकडा त्यांना दाखवा. काही बोलू पण नका. टोक बघितलं की त्यांना कळेल कापली का ओली होऊन तुटली. कुंकू कुणाचं ते ते विचारणार नाहीत."

मी विचारलं, तुम्ही स्वतः का जात नाही? ते म्हणाले, ज्याने कापली त्याचं कोण ऐकतं.

मी तुकडा घेतला. जाईन म्हटलं.

आणि योग असा की जूनमध्ये मला नोकरी लागली ती जळगावलाच, मुलींच्या शाळेत. मास्तरांचं घर माझ्या खोलीपासून तीन गल्ल्यांवर. सकाळी कधीकधी दिसायचे, शिट्टी गळ्यात, कवायतीची पोरं मागे. मी नमस्कार करायची, तेही करायचे. पुडी माझ्या टेबलाच्या खणात. आज नको, रविवारी निवांत जाऊ, असं करता करता पहिली सहामाही संपली.

एकोणचाळीस सालचा सामना जळगावात झाला. चाचा आले होते, पिंजण घेऊन, कुंपणाबाहेर उभे. मास्तर खेळले नाहीत. तब्येतीचं कारण सांगितलं होतं. तब्येत ठणठणीत होती, त्याच सकाळी मी त्यांना शाळेच्या मैदानावर पाहिलं होतं. त्यांच्या जागी कोणी तरणा डॉक्टर खेळला. चाचा एका सेटनंतर कुंपणापासून निघाले आणि माझ्या खोलीवर आले. मी चहा केला.

"भेटल्या का मास्तरांना?"

मी म्हटलं, शाळेचं फार काम होतं चाचा, या रविवारी जाते.

ते चहा बशीत ओतून प्यायले. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा रविवार सांगितला. मास्तर चाळीस सालीही खेळले नाहीत, नंतरही नाहीत. त्यानंतर चाचांनी विचारणं सोडलं. पण दर थंडीत येणं सोडलं नाही. सामना असो नसो, जळगावच्या रजया पिंजायला यायचे. लढाईत क्लबाला चेंडू मिळेनासे झाले आणि कपच बंद पडला, तरी यायचे. आता एकेका घरी दोन-दोन दिवस लागायचे. पिंजण भारी झालं होतं.

मी का गेले नाही? आईसाठी, असं मी स्वतःला सांगत होते. जळगावात बोललेली गोष्ट चाळीसगावला गाडी बदलून आठवड्यात धुळ्याला पोचते; आईच्या कानावर गेली असती. हे खोटं नव्हतं. पण आई बेचाळीस साली गेली. नंतर मला अडवणारं कोणी नव्हतं. राहिलं होतं एवढंच, की आता जाऊन दार वाजवायचं म्हणजे आधी हे सांगावं लागलं असतं की हा तुकडा माझ्याकडे चार वर्षं पडून होता. मग पाच. मग सहा. फटकळ म्हणून माझी ख्याती होती. हेडबाईंना, इन्स्पेक्टरांना मी तोंडावर सुनवायची. तीन गल्ल्या मात्र मला चालवल्या नाहीत.

सेहेचाळीसच्या डिसेंबरात चाचा शेवटचे आले. माझी तीच जुनी गादी उसवून ओट्यावर पिंजायला बसले. मैदानाकडून टेनिसचे ठोके ऐकू येत होते, कुणीतरी भिंतीवर चेंडू मारत होतं. चाचांनी हात थांबवला. मान वाकडी करून ऐकत राहिले. मलाही क्षणभर वाटलं, मास्तरच असतील.

"हाऊ आवाज मना तातना नही," ते म्हणाले.

आपल्या तातीचा आवाज नव्हता. मास्तरांच्या रॅकेटला त्यांचीच तात होती, सदतीस साली विणलेली. म्हणजे मारणारा दुसरा कोणी होता. ते पुन्हा पिंजू लागले. जाताना दारात म्हणाले, "अक्का, तो तुकडा आहे ना?" मी म्हटलं, आहे. म्हणाले, "उंदरांपासून जपा. आतड्याचा आहे."

पुढच्या उन्हाळ्यात जैनबचाचीने कुणाकडून तरी कार्ड लिहवून घेतलं. पिंजत असतानाच बसल्या जागी कलंडले, त्रास झाला नाही, असं त्यात होतं. कार्ड शनिवारी आलं. रविवारी सकाळी मी पुडी घेऊन तीन गल्ल्या चालत गेले. मास्तरांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्या सुंदरबाई म्हणाल्या, मास्तरांनी नोकरी सोडली, महिना झाला. लेकीकडे गेले शिरपूरला. लेकीचं घर कुठे ते त्यांनी मला नीट सांगितलं, देऊळ कुठलं, वळण कुठलं.

मी घरी आले. पुडी पेढ्याच्या पत्र्याच्या डबीत ठेवली, उंदरांमुळे. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने शिरपूरचा पत्ता लिहिला, विसरू नये म्हणून. दिवाळीच्या सुटीत जायचं ठरवलं होतं.